चकमकीच्या रायफलचा बार चटकन उडावा म्हणून

चकमकीची ठासणीची रायफल पहिल्यांदा चालवणाऱ्याला बहुधा तीन वेगळे आवाज ऐकू येतात. खट्, मग फुस्स, आणि मग जरा विचार करून आल्यासारखा धडाम. त्या मधल्या वेळात नेम हलतो, डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि गोळी भलतीकडे जाते. नीट जमलेल्या रायफलमध्ये हे तीन आवाज एकमेकांत मिसळून एकच होतात. चाप सुटल्यापासून नळीतली दारू पेटेपर्यंतचा सगळा खेळ तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आटोपतो.

नवख्यांची समजूत अशी असते की संथपणा हा या जुन्या यंत्राचा स्वभावच आहे. तसे नाही. संथपणाला जवळजवळ नेहमी सापडण्यासारखे कारण असते, आणि दहापैकी आठ वेळा ते फुकटात दुरुस्त होते. मात्र क्रम पाळावा लागतो. जे बदल परत फिरवता येतात ते आधी करायचे, ड्रिल आणि कानस सगळ्यात शेवटी. मी स्वतः हा क्रम उलटा केला होता. बार उशिरा उडतो म्हणून आधी नळीच्या बाजूचे बारीक भोक मोठे केले, आणि नंतर कळले की दोष चकमकीच्या दगडावर चढलेल्या तेलाचा होता. तेल पुसता येते. मोठे केलेले भोक लहान करता येत नाही.

आधी ओळख करून घ्या

गार म्हणजे चकमकीचा दगड. तो घोड्याच्या जबड्यात स्क्रूने आवळलेला असतो. त्याच्या समोर उभी असते ती पोलादी पट्टी, म्हणजे फ्रिझन. तिचाच खालचा भाग प्याल्याचे झाकण असतो. प्याल्यात असते रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू. प्याल्याला लागून नळीच्या बाजूला जे बारीक भोक असते तो कान. कानाच्या आत, नळीच्या तळाशी मुख्य बार ठासलेला असतो. घोडा, फ्रिझन, प्याला आणि त्यांच्या स्प्रिंगा ज्या पत्र्यावर बसवलेल्या असतात त्या सगळ्या जोडणीला लॉक म्हणतात.

चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो आणि गार फ्रिझनला खरवडत खाली येते. इथे एक गोष्ट मनात पक्की बसवा, कारण पुढचे निम्मे उपाय तिच्यावर उभे आहेत. ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. गारेची धार पोलादाचे अतिसूक्ष्म कण तासून काढते, ते घर्षणाने इतके तापतात की हवेत पेट घेतात आणि जळत जळत प्याल्यात पडतात. म्हणजे गार हे कापण्याचे हत्यार आहे. बोथट रंध्याकडून जेवढ्या कामाची अपेक्षा ठेवाल तेवढीच बोथट गारेकडून ठेवा.

पुढे रंजक भडकते, तिची झळ कानातून आत जाते आणि बार उडतो. यावरून निदानाचा साधा नियम निघतो. खट् आणि फुस्स यांच्यात अंतर असेल तर दोष गार, फ्रिझन, स्प्रिंगा किंवा रंजक यांपैकी कशात तरी आहे. फुस्स आणि धडाम यांच्यात अंतर असेल तर कान आणि मुख्य बार बघा. फुस्स झाले आणि धडाम आलेच नाही, तर आपला मराठी ‘फुसका बार’ तुम्ही शब्दशः अनुभवलात.

हात लावण्यापूर्वी

रायफल रिकामी आहे हे गज घालून तपासा. गजावर दोन खुणा करून ठेवा, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. लॉकशी, गारेशी किंवा फ्रिझनशी कुठलीही खटपट रिकाम्या रायफलवरच करायची. भरलेल्या नळीवर ‘फक्त ठिणगी बघतो’ म्हणणारा माणूस अपघाताला आमंत्रण देतो, प्याल्यात रंजक नसली तरीही, कारण एखादी ठिणगी थेट कानातून आत शिरू शकते.

चष्मा आणि कानांचे संरक्षण हवेच. रायफलच्या कानातून ज्वाळा आणि वायू बाजूला जोरात फेकले जातात, तेव्हा त्या बाजूला कोणीही उभे राहू नये. दारू काळीच वापरा. धूरविरहित आधुनिक दारू ठासणीच्या बंदुकीत चुकूनही नको, चिमूटभरही नको, नळी फुटते. आणि ज्याच्या त्याच्या ठिकाणी शस्त्र व दारू बाळगण्याचे जे नियम असतील ते पहिल्या दिवशीच समजून घ्या.

पहिली पायरी: आहे तो वेग मोजा

‘आता जरा बरे वाटतेय’ हे मोजमाप नव्हे. आज प्रत्येकाच्या खिशात चांगले यंत्र आहे. फोन स्टँडवर, कानाच्या विरुद्ध बाजूला, नळीच्या तोंडाच्या मागे आणि सुरक्षित अंतरावर ठेवून आवाज रेकॉर्ड करा. आवाजाची लाट दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये घोड्याचा खटका आणि स्फोट यांची शिखरे वेगळी दिसतात, त्यांच्यातले अंतर वाचता येते. सेकंदाला २४० चौकटी टिपणारा स्लो मोशन व्हिडिओ असेल तर एक चौकट म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. ठिणगी कुठे पडते, रंजक कधी भडकते आणि नळीच्या तोंडातून धूर कधी निघतो हे चौकटी मोजून कळते.

पाच बार उडवा, पाचही नोंदी वहीत लिहा. सरासरीइतकाच त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. नेहमी सारखीच संथ असणारी रायफल एकवेळ परवडली. कधी चटकन तर कधी रेंगाळून उडणारी रायफल नेमबाजाला वेड लावते. पुढे प्रत्येक वेळी एकच बदल करा आणि पुन्हा पाच बार.

दुसरी पायरी: गार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

गारेची रुंदी फ्रिझनच्या रुंदीएवढी किंवा किंचित कमी असावी. जास्त रुंद असेल तर तिचा कोपरा नळीवर घासतो, घोड्याचा जोर वाया जातो आणि नळीवर ओरखडे उठतात. लांबी अशी हवी की घोडा अर्ध्या खटक्यावर (अर्धा ओढून अडकवलेला) असताना आणि प्याला झाकलेला असताना गारेची धार फ्रिझनच्या जवळ यावी पण टेकू नये. दोनतीन मिलिमीटरची फट बरी. धार फ्रिझनला समांतर हवी. एकच कोपरा पुढे आलेला असेल तर ठिणग्या त्या कोपऱ्यापुरत्याच पडतात.

दगड आणि जबडा यांच्यामध्ये पातळ चामड्याची घडी घालतात. नुसत्या लोखंडात दगड आवळला तर तो सरकतो, नाहीतर तडकतो. घडीच्या मागच्या बाजूला छोटी खाच पाडली की दगडाची पाठ थेट जबड्याच्या स्क्रूला टेकते, पकड घट्ट बसते. जुन्या लष्करी बंदुकांत चामड्याऐवजी शिशाचा पत्रा वापरत. मोठ्या मस्केटच्या लॉकला तो चालतो, पण रायफलच्या नाजूक लॉकमध्ये शिशाचे वजन घोड्याला जड होते. चामडे पहिल्या काही बारांत दबते, म्हणून चारपाच बारांनंतर स्क्रू पुन्हा आवळा. हे विसरल्यामुळे उगाच वेग गेलेल्या रायफली मी कितीतरी पाहिल्या आहेत.

आता गार उलटी की सुलटी? हाताने फोडलेल्या गारेला एका बाजूने उतार असतो. तो उतार वर ठेवावा की खाली यावर जाणती माणसे हमरीतुमरीवर येतात. त्या वादात पडू नका. दोन्ही करून पाहा. घोड्याची उंची आणि जबड्याचा कोन प्रत्येक लॉकमध्ये वेगळा असतो. आपल्याला हवे ते एवढेच की गार फ्रिझनला वरच्या तिसऱ्या भागात कुठेतरी गाठेल, तिथून खालपर्यंत खरवडत येईल, आणि घोडा थांबल्यावर तिची धार प्याल्याच्या रोखाने असेल. गार फ्रिझनवर काटकोनात आदळत असेल तर ती तासत नाही, नुसती ठोकते. ठिणग्या कमी पडतात आणि दगडाचे तुकडे उडतात.

तपासणीची उत्तम जागा म्हणजे अंधारी खोली. रायफल रिकामी, प्याला रिकामा, चष्मा डोळ्यावर. घोडा सोडा आणि बघा. पांढऱ्या-पिवळ्या, तडतडणाऱ्या, प्याल्याच्या तळाशी पोचून क्षणभर नाचणाऱ्या ठिणग्या हव्यात. लालसर, मरगळलेल्या, वाटेतच विझणाऱ्या ठिणग्या दिसल्या तर पुढची पायरी वाचा. ठिणग्या छान असून प्याल्याच्या बाहेर पडत असतील तर गार पुढे-मागे सरकवून किंवा उलटी बसवून कोन बदला.

धार गेली की गार लगेच फेकू नये. पितळेच्या छोट्या दांडीने धारेच्या खालच्या अंगाला हलके टोले देत बारीक कपच्या काढल्या की नवी धार निघते. हे काम सुरुवातीला गार लॉकमधून बाहेर काढून, हातमोजा घालून शिका. दोनचार गारा वाया जातील, त्याला इलाज नाही. यंत्राने कापलेल्या अकीकाच्या गारा दिसायला देखण्या असतात आणि टिकतातही, पण त्यांची धार हाताने फोडलेल्या गारेसारखी बारीक नसते. फ्रिझन मात्र त्या लवकर खातात. इंग्लंडमधल्या ब्रँडनच्या काळ्या गारा आणि फ्रान्समधल्या मधाच्या रंगाच्या गारा यांची कीर्ती जुनी आहे. रंगापेक्षा धार बघून निवडा.

तिसरी पायरी: फ्रिझन

आधी पुसा. फ्रिझनचा चेहरा आणि गारेची धार स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून कोरडी करा. बोटाचा तेलकट ठसाही ठिणगी मारतो.

पुसूनही ठिणग्या लालसर असतील तर पोलाद मऊ असण्याची शक्यता आहे. फ्रिझनच्या चेहऱ्याच्या कडेला बारीक कानस हलकीच लावून पाहा. कडक पोलादावरून कानस घसरते, मऊ पोलादात रुतते. खोल चर पडलेले दिसले तरी संशय मऊपणाचाच. उलट चेहरा काचेसारखा गुळगुळीत आणि ठिणगी जवळपास नाही, असे असेल तर पोलाद फाजील कडक आहे. दोन्ही बाबतींत पाणी देऊन पोलाद पुन्हा जमवणे हे कारागिराचे काम. घरच्या शेगडीवर प्रयोग करू नका. फ्रिझन बिघडला की लॉकच मुका होतो.

फ्रिझनची स्प्रिंग बहुतेकजण दुर्लक्षितात. ती फार ताठ असली तर प्याला उशिरा उघडतो आणि गार ठेचली जाते. फार ढिली असली तर फ्रिझन उघडून परत गारेवर आपटतो. घोड्याच्या मुख्य स्प्रिंगपेक्षा ती स्पष्टपणे हलकी हवी. झाकण खटकन उघडून तिथेच राहिले की जमले. फ्रिझनची टाच स्प्रिंगवर जिथे घसरते तिथे तेलाचा एक थेंब सोडा. उत्तम प्रतीच्या काही जुन्या लॉकमध्ये याच जागी चिमुकले चाक बसवलेले आढळते, तेही घर्षण कमी करण्यासाठीच.

लॉकच्या आत बघताना दोन गोष्टी पुरे. लॉक काढून दस्त्याच्या खोबणीत चकाकणारे, काळपट डाग आहेत का बघा. तिथे आतला एखादा भाग लाकडाला घासतोय. आणि लॉक धरून ठेवणारे स्क्रू मुठीचा सगळा जोर लावून आवळू नका, पत्रा आत ओढला जाऊन घोडा अडखळतो. अर्धा फेरा सैल केल्याबरोबर रायफल सुधारल्याची उदाहरणे आहेत.

चौथी पायरी: रंजक

नवशिक्याचा हात इथे सढळ असतो. प्याला काठोकाठ भरला म्हणजे खात्री, असे त्याला वाटते. होते उलटे. रंजक जास्त झाली की ती कानाच्या भोकात शिरते, आणि मग भोकातली दारू वातीसारखी कण कण जळत आत जाते. फुस्स आणि धडाम यांच्यातला रेंगाळलेला वेळ बऱ्याचदा हाच असतो. आपल्याला वात नको, झळ हवी आहे.

प्याल्याचा तिसरा भाग ते फार तर निम्मा भरा. वजनात सांगायचे तर साधारण २ ते ३ ग्रेन, म्हणजे ०.१३ ते ०.२ ग्रॅम. दाणा सगळ्यात बारीक, ज्याला फोर-एफ म्हणतात तो. तो हाताशी नसेल तर मुख्य बाराची, त्याहून जरा जाड दाण्याची थ्री-एफ दारूही चालते, फरक ऐकणाऱ्याला फारसा जाणवणार नाही.

जुना सल्ला असा की रंजक कानापासून दूर, प्याल्याच्या बाहेरच्या बाजूला ढकलावी, म्हणजे भोक मोकळे राहते. हौशी मंडळींनी वेगवान कॅमेरे आणि विजेची घड्याळे लावून घेतलेल्या चाचण्यांत मात्र कानाजवळ ठेवलेली रंजक जास्त वेगवान ठरली. माझे मत चाचण्यांच्या बाजूने आहे, फक्त भोक बुजता कामा नये. प्याल्यात सारखी पसरली तरी चांगले काम होते.

काळ्या दारूच्या जागी विकली जाणारी पर्यायी मिश्रणे पेटायला जास्त उष्णता मागतात. आघाताच्या टोपीने पेटणाऱ्या बंदुकीत ती चालतात, चकमकीत रडवतात. इथे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असलेली अस्सल काळी दारूच हवी. तीही कोरडी. दमट हवेत प्याल्यातली रंजक काही मिनिटांत मऊ पडते, म्हणून बराच वेळ बार उडवला नाही तर जुनी झटकून नवी घाला. बार उडाल्यावर उरणारी काजळी हवेतला ओलावा शोषते. त्यामुळे दर बारानंतर प्याला, फ्रिझनचा चेहरा आणि गारेची धार एकदा कोरड्या कापडाने पुसायची सवय लावा. ही सवय लागली की अनेकांची तक्रार इथेच संपते.

पाचवी पायरी: कान

आधी सफाई. पितळेची किंवा तांब्याची बारीक तार, म्हणजे कानकोरणे, सतत जवळ हवे. दर बारानंतर ते भोकातून एकदा फिरवा. अनेक जाणते नेमबाज नळी भरतानाच कानात तार खुपसून ठेवतात आणि गोळी तळाशी बसल्यावर ती काढतात. तारेमुळे दारूत छोटी पोकळी राहते आणि झळ थेट आतल्या दाण्यांवर पडते. तार काढून झाल्यावरच रंजक घालायची, हा क्रम कधीही मोडायचा नाही.

भोकाची जागा कुठे असावी? प्याल्याच्या वरच्या काठाला भोकाचा मध्य यावा, असे कारागीर मानतात. झाकण उघडे ठेवून बाजूने पाहिले तर भोक क्षितिजावर अर्धे बुडालेल्या सूर्यासारखे दिसते. त्याहून किंचित वर-खाली असेल तर मात्र झोप उडवून घेऊ नका, वेगात त्याने फारसा फरक पडत नाही. भोक प्याल्याच्या तळाशी असेल तर रंजक त्यात भरून राहते, तिथे काळजी घ्या.

व्यास साधारण १.६ ते १.८ मिलिमीटर पुरतो. त्याहून लहान असेल आणि वरचे सगळे उपाय थकले असतील, तर कारागिराकडून ड्रिलच्या एकेका मापाने, प्रत्येक मापानंतर चाचणी घेत वाढवा. २ मिलिमीटरच्या पुढे जाण्यात लाभ नाही. दाब बाजूने निसटतो, गोळीचा वेग घटतो आणि शेजाऱ्याच्या अंगावर ज्वाळा जाते. वापराने भोक आपोआपही झिजत जाते. म्हणूनच जुन्या काळच्या महागड्या इंग्रजी बंदुकांत कानाला सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे अस्तर घालत.

खरा मोठा बदल हवा असेल तर आतून शंकूच्या आकाराचे अस्तर बसवून घ्या. स्टेनलेस स्टीलचा हा आट्यांचा छोटा बोल्ट असतो. त्याची आतली बाजू नरसाळ्यासारखी कोरलेली असल्यामुळे मुख्य बार प्याल्याच्या अगदी भिंतीपर्यंत येतो आणि झळेला लांब बोगद्यातून जावे लागत नाही. या एका बदलाने रायफल जशी सुधारते तशी दुसऱ्या कशाने सुधारत नाही. मात्र आटे पाडण्याचे काम जाणकाराच्या हातचे. अस्तर ढिले बसले तर ते गोळीसारखे बाहेर येते.

हा शोध तसा आजचा नाही. बार लवकर पेटावा म्हणून लंडनच्या हेन्री नॉक या बंदुकीच्या कारागिराने १७८७ साली नळीच्या तळाशी वेगळी छोटी कोठी असलेल्या रचनेचे पेटंट घेतले होते. आणि प्याल्यातला भडका बघून पक्षी उडून जातात म्हणून वैतागलेल्या अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेऊन चकमकीच्या युगाचा शेवटच सुरू केला. तुमची रायफल कोठीवाल्या रचनेची असेल तर त्या अरुंद कोठीत काजळी साचते आणि नेहमीच्या सफाईच्या चिंधीला ती सापडत नाही. तिच्यासाठी गजाच्या टोकाला बारीक ब्रश लावा.

सहावी पायरी: नळी आणि मुख्य बार

ठेवणीतल्या रायफलच्या तळाशी तेल उतरलेले असते. पहिला बार हमखास रेंगाळतो तो त्यामुळे. सुरुवातीलाच स्पिरिटची चिंधी, मग दोन कोरड्या चिंध्या फिरवा आणि कानातून एक पाइप क्लीनर घालून काढा. दोन बारांच्या मधली सफाई करताना चिंधी नुसती दमट हवी. ओलीचिंब चिंधी काजळीचा चिखल करून तो थेट कानाकडे ढकलते. गोळीभोवती गुंडाळतात त्या कापडाला लावलेले वंगणही बेताचेच, नाहीतर तळची दारू तेल पिते.

मुख्य बारासाठी लहान व मध्यम व्यासाच्या नळीला थ्री-एफ दाणा बरा, मोठ्या व्यासाला टू-एफ. मोजमाप वेगळ्या मापाने करून मगच नळीत ओता, दारूच्या बुधलीतून थेट कधीच नाही. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे, दर वेळी सारख्याच दाबाने. मध्ये हवेची पोकळी राहणे वेगासाठी वाईट आणि नळीसाठी धोक्याचे. गजाने धपाधप ठोकून दाण्यांचा भुगा करणेही नको.

आणि बार नाहीच उडाला तर

खट् झाले, काही झाले नाही. नळी लक्ष्याच्या दिशेनेच रोखून धरा आणि निदान एक मिनिट तशीच ठेवा. उशिरा उडणारा बार हा या बंदुकीतला सगळ्यात कपटी प्रकार आहे. मग नळी तशीच रोखलेली ठेवून प्याला साफ करा, तारेने कान मोकळा करा, नवी रंजक घाला आणि पुन्हा प्रयत्न करा. रंजक पेटूनही दोनतीनदा असे झाले तर बार भरताना दारू घालायची राहून गेली असेल. सगळ्यांचेच एकदा तरी होते ते. गजावरची खूण बघून ते लगेच कळते.

रायफल उत्तम जमली तरी चाप आणि धडाम यांच्यात एक बारीकसा क्षण उरणारच. त्या क्षणात नेम धरून ठेवायला शिकावे लागते. त्यासाठी गारेच्या जागी तेवढ्याच आकाराचा लाकडी तुकडा बसवून, रिकाम्या रायफलवर रोज वीस वेळा चाप ओढा आणि घोडा पडल्यानंतरही मनात दोन आकडे मोजेपर्यंत माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, लक्ष्यावरून हलू देऊ नका.